कापलेला खर्च त्याच दिवशी बाजूला काढा: छंद आणि मोठ्या ध्येयांसाठी पैसे जमवण्याची रीत

खर्च कमी करायचा असं ठरवलं की बहुतेक लोक तो कमी करतातही. बाहेरचं खाणं कमी होतं, एखादं सबस्क्रिप्शन बंद होतं, दोन-तीन महिने हात आखडता राहतो. तरीही वर्षअखेरीला शिल्लक पाहावी तर होती तेवढीच. याचं कारण असं की ज्या खात्यातून रोजचा खर्च होतो त्याच खात्यात वाचलेले पैसे पडून राहिले, आणि तिथून ते कधी कशात गेले हे कळलंही नाही. म्हणून कात्री कुठे लावायची याला जितकं महत्त्व आहे, तितकंच कापलेली रक्कम कधी आणि कुठे हलवायची यालाही आहे. खालचे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत. चलन कोणतंही धरलं तरी गणित तेच राहतं.

आधी ध्येयाची पूर्ण किंमत काढा

छंदाच्या बाबतीत हिशेब चुकतो तो इथेच. कॅमेरा घ्यायचा म्हणजे लोक फक्त बॉडीची किंमत धरतात. मग लेन्स, मेमरी कार्ड, जादाची बॅटरी, बॅग आणि फोटो साठवायला हार्ड डिस्क असं एकेक निघत जातं. (फोटो जपायचे असतील तर हार्ड डिस्क दोन हव्यात, कारण एक कधीतरी बंद पडणारच.) सायकलबरोबर हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, कुलूप, पंप आणि पंक्चरचं सामान येतं. गिटारला तारा बदलाव्या लागतात, शिकायचं असेल तर फी भरावी लागते.

म्हणून प्रत्येक ध्येयाखाली तीन ओळी लिहा: एकदाच होणारा खर्च, दरमहा चालू राहणारा खर्च आणि दोन-तीन वर्षांनी बदलावं लागणारं सामान. पहिल्या ओळीतली रक्कम साठवायची असते, पण दुसरी ओळ महिन्याच्या खर्चात बसते की नाही हे आधीच पाहायला हवं. वस्तू घेऊन झाल्यावर छंद अर्धवट सुटतात ते बहुधा या दुसऱ्या ओळीमुळे.

एकदाच्या खर्चाला हातातल्या महिन्यांनी भागलं की दरमहा किती बाजूला काढायचे ते कळतं. ध्येय दोन वर्षांहून लांब असेल तर महागाईही धरा. आज 1,00,000 किमतीची गोष्ट वर्षाला 6 टक्क्यांनी महागली तर तीन वर्षांनी सुमारे 1,19,000 ला पडेल. म्हणजे 36 महिन्यांत दरमहा 2,780 साठवून भागणार नाही, साधारण 3,300 लागतील. ही रक्कम झेपत नसेल तर तारीख पुढे ढकला. रक्कमच कमी धरून स्वतःची समजूत घालू नका.

तीन महिन्यांचे उतारे आणि चार खुणा

रोज खर्च लिहायची सवय चांगली, पण सुरुवात तिथून करू नका. दुसऱ्या आठवड्यात वही बंद होते. त्याऐवजी बँकेचे आणि कार्डाचे मागच्या तीन महिन्यांचे उतारे काढा आणि एका बैठकीत प्रत्येक नोंदीपुढे एक खूण करा. ‘ठ’ म्हणजे ठरलेला खर्च: भाडं, हप्ते, फोन, इंटरनेट, सबस्क्रिप्शन. ‘ब’ म्हणजे दर महिन्याला बदलणारा: किराणा, वीज, इंधन, औषधं. ‘ह’ म्हणजे हौस. ‘व’ म्हणजे वर्षातून एक-दोनदा येणारा: विमा, फी, दुरुस्ती, भेटवस्तू, प्रवास. यापेक्षा जास्त कप्पे करायची गरज नाही. वीस कप्पे केले की निम्मा वेळ कुठला खर्च कुठे टाकायचा यातच जातो.

काकेइबो ही घरखर्च लिहायची जपानी पद्धत आहे. तिचं श्रेय हानी मोतोको या पत्रकार बाईंना दिलं जातं आणि तिची सुरुवात 1904 मधली. आज ती ज्या रूपात शिकवली जाते त्यात गरज, हौस आणि अनपेक्षित खर्च यांच्या जोडीला संस्कृतीचा वेगळा कप्पा असतो, म्हणजे वाचन, संगीत, कला. छंदाला हिशेबात स्वतःची जागा देणं आम्हाला मोलाचं वाटतं. नाहीतर छंद कायम ‘हौस’ या कप्प्यात पडून राहतो आणि कात्री चालवायची वेळ आली की पहिला बळी त्याचा जातो.

खुणा करताना काही चुका हमखास होतात. कार्डावरची खरेदी मोजली आणि नंतर कार्डाचं बिल भरलं तेही मोजलं, तर खर्च दुप्पट दिसतो. दोघांपैकी एकच मोजा, शक्यतो खरेदी. स्वतःच्या एका खात्यातून दुसऱ्यात पाठवलेले पैसे खर्चात धरू नका. वस्तू परत करून आलेले पैसे त्या खर्चातून वजा करा, उत्पन्नात मिळवू नका. एटीएममधून काढलेली रोख ‘ब’ म्हणून टाकून मोकळं होता येतं, पण ती एकूण खर्चाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त असेल तर पुढचा एक महिना फक्त रोखीचा खर्च लिहून काढा. सगळा नको, फक्त रोखीचा, तेवढं निभतं.

वर्षातून एकदा येणारे खर्च

महिन्याचं गणित कोलमडतं ते याच खर्चांमुळे. विम्याचा हप्ता आला, गाडीचं काम निघालं आणि साठवलेल्यातून पैसे काढावे लागले, असं झालं की माणूस याला ‘अडचण’ म्हणतो. पण विम्याची तारीख वर्षभर आधीच माहीत असते. ‘व’ खुणेचे सगळे खर्च एकत्र करा, बाराने भागा आणि तेवढी रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाका. तीन महिन्यांच्या उताऱ्यांत हे खर्च पुरते सापडत नाहीत. त्यासाठी मागच्या पूर्ण वर्षाच्या उताऱ्यांवरून फक्त मोठ्या रकमांवर नजर फिरवा.

बाराने भागण्यात पहिल्या वर्षी एक खोच असते. समजा 2,400 चा विमा चार महिन्यांनी भरायचा आहे. दरमहा 200 टाकत गेलात तर तोपर्यंत 800 च जमतील. म्हणून पहिल्या चार महिन्यांत दरमहा 600 टाका आणि विमा भरून झाल्यावर 200 वर या. असे तीन-चार खर्च जवळजवळ आले तर पहिले काही महिने जड जातात, आणि या पद्धतीला कंटाळून लोक ती सोडतात ते नेमकं तेव्हाच. ध्येयाची बचत त्या काळात निम्मी ठेवली तरी बिघडत नाही, पण हे खातं भरायचं थांबवू नका.

कात्री कुठून सुरू करायची

रोज मन मारून होणाऱ्या बचतीपेक्षा एकदा निर्णय घेऊन होणारी बचत जास्त टिकते. रोजचा चहा-कॉफी सोडायचा निर्णय दर सकाळी नव्याने घ्यावा लागतो. फोनचा प्लॅन एकदा बदलला की पुढे वर्षभर काही करावं लागत नाही. म्हणून सुरुवात ‘ठ’ पासून करा.

सबस्क्रिप्शनची यादी उताऱ्यांवरून काढाच, शिवाय फोनच्या ॲप स्टोअरमधलं सबस्क्रिप्शनचं पान, कार्डावर दिलेल्या ऑटो-डेबिटच्या परवानग्या आणि ईमेलमध्ये ‘रिन्यूअल’ असा शोध, या तीन जागाही तपासा. ॲप फोनवरून काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं असा समज असतो. तसं होत नाही, पैसे कापले जात राहतात. मागच्या 30 दिवसांत उघडलंही नाही ते आजच बंद करा. गरज पडली तर परत घेता येतं, आणि बरेचदा जुन्या ग्राहकाला परत बोलावण्यासाठी सवलतही मिळते. मोफत चाचणी घेतलीत तर त्याच क्षणी कॅलेंडरमध्ये संपायच्या दोन दिवस आधीची आठवण लावा. वार्षिक प्लॅन दहा महिन्यांच्या किमतीत मिळत असेल तर तो दहा महिन्यांहून जास्त वापरणाऱ्यालाच परवडतो. वर्षातून चार महिने पाहणाऱ्याने दरमहाचा घ्यावा आणि मधे बंद ठेवावा.

फोन आणि इंटरनेटसाठी मागच्या सहा महिन्यांचा डेटा वापर काढा. सर्वात जास्त वापराच्या महिन्यात थोडी भर घाला आणि तेवढ्याचा प्लॅन घ्या. फोन करून कंपनीला एकच प्रश्न विचारा: हाच प्लॅन नव्या ग्राहकाला कितीला देता? उत्तर तुमच्या बिलापेक्षा कमी निघालं तर तो दर मागा, आणि नाही म्हणाले तर दुसऱ्या कंपनीचा दर हाताशी ठेवून पुन्हा बोला. विम्याचं नूतनीकरण, बँकेची शुल्कं, किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड हेही याच बैठकीत पाहून घ्या.

महागडं कर्ज असेल तर छंदाचं खातं जवळपास रिकामंच ठेवा

कार्डाची थकबाकी असताना बचत करत राहणं म्हणजे गळक्या टाकीत पाणी भरणं आहे. महिना 3 टक्के हा दर ऐकायला लहान वाटतो, पण चक्रवाढीने तो वर्षाला 42 टक्क्यांच्या वर जातो. बचत खात्यावरचं व्याज त्याच्या जवळपासही येत नाही.

किमान रक्कम भरण्याची सवय कशी अंगाशी येते ते आकड्यांत पाहू. थकबाकी 10,000, व्याज महिना 3 टक्के, आणि किमान भरणा म्हणजे व्याज धरून झालेल्या रकमेच्या 5 टक्के. पहिल्या महिन्यात 10,300 होतात, त्यातले 515 भरले, उरले 9,785. असंच वर्षभर चाललं तर एकूण सुमारे 5,500 भरून होतात आणि कर्ज 7,700 च्या आसपास राहतं. म्हणजे भरलेल्यांपैकी 3,200 व्याजात गेले. थकबाकी कमी होते तशी किमान रक्कमही कमी होत जाते आणि शेवट दिसतच नाही.

आता एकच बदल करा. पहिल्या महिन्याचे 515 कायम धरा आणि बिलावर किमान रक्कम कितीही कमी दिसली तरी दरमहा तेवढेच भरत राहा. कर्ज 30 महिन्यांत संपतं. किमान रकमेच्या वाटेने गेलं तर तेवढ्याच काळानंतर निम्म्याहून जास्त कर्ज शिल्लक असतं. अर्थात या काळात त्या कार्डावर नवीन खरेदी नको. कर्जं अनेक असतील तर सर्वात जास्त व्याजाचं आधी फेडा, बाकीच्यांचे किमान हप्ते चालू ठेवा. एखादं अगदी छोटं कर्ज आधी संपवून हुरूप येत असेल तर तसंही करा. फरक फार पडत नाही.

‘बिनव्याजी हप्ता’ अशी जाहिरात असेल तिथे दोन गोष्टी विचारा: प्रक्रिया शुल्क किती, आणि पूर्ण पैसे एकदम दिले तर काय सवलत मिळेल. ती हुकलेली सवलत हेच बरेचदा लपलेलं व्याज असतं.

किराणा: दर वजनावर पाहा

पाकिटावरची किंमत पाहू नका, 100 ग्रॅमचा दर काढा. 400 ग्रॅमचं पाकीट 92 ला आणि एक किलोचं 245 ला असेल, तर लहान पाकिटाचा दर 23 आणि मोठ्याचा 24.50 पडतो. मोठं ते स्वस्त हा नियम अनेकदा खरा असतो, पण नेहमी नाही. किंमत तीच ठेवून वजन कमी करण्याची युक्तीही फक्त याच हिशेबात उघडी पडते. पातळ पदार्थांचा दर लिटरवर, साबण-डिटर्जंटचा धुलाईच्या संख्येवर काढा.

मोठ्या पाकिटातला पाचवा हिस्सा खराब होऊन टाकावा लागला तर उरलेल्याचा दर 25 टक्क्यांनी वाढतो. मग 10-15 टक्क्यांची सवलत कधीच संपलेली असते. म्हणून मोठं पाकीट टिकणाऱ्या मालाचंच घ्या. ‘दोनावर एक मोफत’ म्हणजे 33 टक्के सवलत, तीही तीन नग लागत असतील तरच. ‘50 टक्के आणि वर 20 टक्के’ याची बेरीज 70 होत नाही, 60 होते: 100 चे 50, आणि 50 च्या 20 टक्के म्हणजे 10, उरले 40. मोफत डिलिव्हरीची मर्यादा गाठायला टाकलेली वस्तू डिलिव्हरीच्या शुल्कापेक्षा महाग असेल तर शुल्क भरलेलं परवडतं.

घरातली नासाडी थांबवणं हा दर पाहण्याइतकाच मोठा भाग आहे. नवीन आणलेलं मागे, जुनं पुढे. फ्रिजचा एक कप्पा ‘आधी हे संपवा’ म्हणून ठेवा आणि खरेदीला जाण्याआधी तो कप्पा बघूनच यादी करा. फ्रिज 4 अंश सेल्सियसच्या आसपास आणि फ्रीझर उणे 18 वर असावा. दारावरच्या आकड्यावर विसंबू नका: पेलाभर पाण्यात थर्मामीटर ठेवून रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवा आणि सकाळी वाचा. 8 अंश निघाले तर पदार्थ लवकर का नासतात याचं उत्तर मिळालं. वेष्टनावरच्या दोन तारखांतही फरक असतो. ‘या तारखेपूर्वी उत्तम’ ही चवीची आणि दर्जाची तारीख आहे. ती उलटली म्हणून पाकीट लगेच फेकायची गरज नसते. ‘या तारखेपर्यंत वापरा’ ही मात्र सुरक्षिततेची, तिथे काटकसर नको.

वीज आणि पाणी: कुठे कष्ट घ्यावेत, कुठे सोडून द्यावेत

1,000 वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. हा एवढा हिशेब आला की कशामागे लागायचं ते कळतं. चार्जरमध्ये फोन नसताना तो नुसता सॉकेटमध्ये राहिला तर साधारण अर्ध्या वॅटच्या आतच वीज घेतो, म्हणजे वर्षाला फार तर चार-साडेचार युनिट. त्यावरून घरात वाद घालू नका. सतत 5 वॅट खाणारा सेट-टॉप बॉक्स वर्षाला 44 युनिट खातो, तो रात्री बंद केला तर थोडा फरक पडतो. 60 वॅटच्या जुन्या बल्बच्या जागी तेवढाच उजेड देणारा 9 वॅटचा एलईडी लावला, तर रोज चार तासांच्या वापरावर वर्षाला सुमारे 74 युनिट वाचतात.

खरा खर्च असतो तो तापवण्यात आणि थंड करण्यात. पाणी तापवायला किती वीज लागते याचं सूत्र सोपं आहे: लिटर गुणिले वाढवायचे अंश, भागिले 860. शॉवरमधून मिनिटाला 8 लिटर पाणी येतं आणि ते 20 अंशांचं 40 करायचं असं धरा. दहा मिनिटांची आंघोळ म्हणजे 80 लिटर, म्हणजे 1.86 युनिट. सहा मिनिटांत आटोपलं तर 1.12. माणशी रोज पाऊण युनिटाच्या जवळपास फरक पडतो, आणि रोज गरम पाणी लागत असेल तर वर्षाला 270 युनिट. तुमच्या शॉवरचा वेग माहीत नसेल तर खाली बादली धरून मिनिटभर सोडा आणि मोजा. 10 लिटरच्या वर निघाला तर कमी वेगाचा शॉवरहेड बसवा. पाणी आणि वीज दोन्ही वाचतात. टाकीचा गिझर दिवसभर चालू ठेवू नका, वापराच्या आधी लावा.

फ्रिजच्या दाराचं रबर तपासायला दारात कागद धरून दार लावा आणि कागद ओढा. सहज सुटला तर तिथून गारवा बाहेर जातोय. रबर पुसून पाहा, नाहीतर बदला. मागच्या भिंतीपासून फ्रिज थोडा दूर ठेवा.

पाणी मोजून येत असेल तर संडासाच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका आणि 20 मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतली झडप गळतेय. तो भाग स्वस्त असतो आणि गळती दिवसरात्र चालू असते.

प्रवासाबद्दल थोडक्यात: टायरमधली हवा महिन्यातून एकदा, टायर गार असताना तपासा. हवा कमी असली की इंधन जास्त जळतं आणि टायरच्या कडा झिजतात. चार छोट्या फेऱ्यांची कामं एका फेरीत उरका, कारण गार इंजिन जास्त इंधन पितं.

खरेदी: थांबायची यादी आणि प्रत्येक वापराची किंमत

घ्यावीशी वाटलेली वस्तू लगेच कार्टमध्ये न टाकता तारखेसह एका यादीत लिहा. लहान खरेदीला तीन दिवस, मोठीला 30 दिवस. मुदत उलटल्यावरही हवीशी वाटली तर घ्या, अपराधी वाटून घेऊ नका. यादीतली बरीच नावं आपोआप गळतात. खरेदीच्या ॲपमध्ये साठवलेलं कार्ड काढून टाका आणि सवलतींच्या सूचना बंद करा. या दोन गोष्टींना पाच मिनिटं पुरतात.

छंदाच्या सामानासाठी प्रत्येक वापराची किंमत काढा: विकत घ्यायची किंमत, उणे नंतर विकून येणारी, अधिक देखभाल, भागिले वापराच्या वेळा. 6,000 ला घेतलेली वस्तू पुढे 3,500 ला विकली आणि मधे 500 देखभालीवर गेले, तर खरा खर्च 3,000. तीच वस्तू एका वेळेला 200 भाड्याने मिळत असेल तर 15 वापरांपर्यंत भाडं परवडतं, त्यापुढे खरेदी. म्हणून नव्या छंदात आधी भाड्याने किंवा मागून आणून करून पाहावं, टिकला तर वापरलेलं घ्यावं, आणि काय हवं ते नेमकं कळल्यावर नवं. लेन्स, चांगली वाद्यं, दुर्बिणी जपून वापरल्या तर त्यांची किंमत बऱ्यापैकी टिकते, पण डिजिटल कॅमेऱ्याची बॉडी लवकर उतरते. हेल्मेट आणि गिर्यारोहणाचे दोर मात्र वापरलेले कधीच घेऊ नका. आतली इजा वरून दिसत नाही.

कापलेली रक्कम हलवायची कशी

चार खाती पुरतात: रोजचा खर्च, वार्षिक खर्च, अडीअडचण आणि ध्येय. बँक एकाच खात्यात नावानिशी वेगळे कप्पे देत असेल तर तेही चालतं. ध्येयाच्या कप्प्याला ‘बचत’ असं नाव देऊ नका. ‘सायकल, मार्च’ असं द्या. माणूस पैशांवर मनात लेबलं लावतो आणि लेबल पाहून खर्च करतो. याला मानसिक हिशेब म्हणतात, आणि या विषयावर पायाभूत काम केलेले अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांना 2017 मध्ये नोबेल मिळालं. सायकलीच्या कप्प्याला हात लावताना हात जरा अडखळतो.

पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप रक्कम जाईल अशी सूचना बँकेत लावून ठेवा. महिनाअखेरीला उरेल ते टाकू म्हटलं तर काही उरत नाही. आता प्रत्येक कापलेल्या खर्चाचं: फोनचा प्लॅन 150 ने स्वस्त झाला, तर त्याच दिवशी या आपोआप जाणाऱ्या रकमेत 150 ची भर घाला. सबस्क्रिप्शन बंद केलं, तीच कृती. कर्जाचा हप्ता संपला, पुढच्या महिन्यापासून तो पूर्ण हप्ता ध्येयाकडे वळवा. तेवढ्यावाचून जगायची सवय आधीच झालेली असते. बदलत्या खर्चाची बचत महिन्यातून एकदा मोजा: तीन महिन्यांची सरासरी उणे या महिन्याचा खर्च, आणि येईल तो फरक हलवा.

पगारवाढ झाली की निम्मी वाढ हातात येण्याआधीच वळवा. थेलर आणि अर्थशास्त्रज्ञ श्लोमो बेनार्ट्झी यांनी नेमकी हीच कल्पना एका कंपनीत वापरून पाहिली: कर्मचाऱ्यांनी पुढच्या पगारवाढींतला हिस्सा बचतीला आधीच कबूल केला. योजनेत आलेल्यांचं बचतीचं प्रमाण 40 महिन्यांत पगाराच्या 3.5 टक्क्यांवरून 13.6 टक्क्यांवर गेलं. हातात असलेलं कमी होताना दिसलं नाही, म्हणून ते जमलं.

क्रम असा ठेवा: आधी एक महिन्याच्या खर्चाइतकी रक्कम अडीअडचणीच्या खात्यात, मग महागडं कर्ज, मग अडीअडचणीची रक्कम तीन ते सहा महिन्यांच्या खर्चापर्यंत, आणि त्याच्या बरोबरीने ध्येय. या सगळ्या काळात छंदाला अगदी शून्य देऊ नका. वाचलेल्यातला दहावा हिस्सा तरी त्याच्याकडे जाऊ द्या. दीड वर्ष फक्त मन मारत राहिलेली माणसं एका मोठ्या खरेदीत सगळं उधळतात. तीन वर्षांच्या आत लागणारे पैसे शेअर बाजारात ठेवू नका. हवे तेव्हा भाव पडलेला असू शकतो.

इथे कात्री नको

आरोग्य विमा, नियमित औषधं, दातांची तपासणी, गाडीचे ब्रेक आणि टायर, घरातली वायरिंग. यांत वाचवलेलं पुढे कितीतरी पटीने भरावं लागतं. विम्यात काही कमी करायचंच असेल तर संरक्षण तेवढंच ठेवून दाव्यातली स्वतः सोसायची रक्कम (डिडक्टिबल) आधी वाढवून पाहा. हप्ता कमी होतो, फक्त ती रक्कम अडीअडचणीच्या खात्यात खरंच असली पाहिजे. पाठ दुखेल अशी स्वस्त गादी आणि पाय सोलणारे स्वस्त बूटही याच यादीत घ्या.

घसरण कुठे होते

बहुतेकांची गाडी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात अडते. बहुतेकदा दोनच कारणं असतात. आपोआप जाणारी रक्कम झेपेल त्यापेक्षा मोठी धरलेली असते, मग महिन्याच्या वीस तारखेला ध्येयाच्या खात्यातून पैसे परत आणावे लागतात. असं लागोपाठ दोन महिने झालं तर रक्कम एक पंचमांशाने कमी करा आणि तीन महिने तिथेच राहा. दुसरं कारण म्हणजे घरातल्या बाकीच्यांना हे माहीतच नसतं. एक जण शॉवर सहा मिनिटांत आटोपतो आणि दुसरा तीन नवी सबस्क्रिप्शनं घेतो. उतारे एकत्र बसून पाहा, आणि प्रत्येकाला कुणी हिशेब विचारणार नाही अशी एक छोटी रक्कम ठरवून द्या.

दर तीन महिन्यांनी अर्धा तास काढा. नवे ऑटो-डेबिट आलेत का, वार्षिक खात्यात ठरल्याइतके आहेत का, ध्येयाची किंमत बाजारात बदलली का. किंमत उतरली असेल किंवा वापरलेली चांगली वस्तू मिळत असेल, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता घेऊन टाका आणि आपोआप जाणारी रक्कम बंद न करता कप्प्याचं नाव बदला.